गाडीतलं गाणं बंद पडतं, तेव्हा त्याला परत कोण उठवतं?

जानेवारी २०२२ चा शेवटचा आठवडा. अमेरिकेतल्या सिएटल शहरात आणि आसपासच्या भागात माझदाच्या काही गाड्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर अडकून बसले. ९४.९ एफएम, केयूओडब्ल्यू नावाचं तिथलं सार्वजनिक रेडिओ स्टेशन. स्टेशन बदलता येईना, ब्लूटूथ जोडता येईना, नकाशा गायब, घड्याळ गायब, रिव्हर्स टाकला तर मागचा कॅमेराही गायब. स्क्रीन सुरू व्हायची, बंद पडायची, परत सुरू व्हायची. सगळ्या गाड्या २०१४ ते २०१७ या काळातल्या, आणि सगळ्यांच्या मालकांनी हेच स्टेशन लावलेलं.

कारण कळलं तेव्हा बऱ्याच जणांना ते खरं वाटलं नाही. अमेरिकेत एफएमच्या लहरींसोबत डिजिटल माहितीही पाठवतात. त्यात गाण्याचं नाव असतं, स्टेशनचा लोगो असतो, अल्बमचं चित्र असतं. माझदाच्या म्हणण्यानुसार २४ ते ३१ जानेवारीच्या दरम्यान या स्टेशनकडून काही चित्रांच्या फायली गेल्या, आणि त्यांच्या नावाला शेपूटच नव्हतं. म्हणजे डॉट जेपीजी, डॉट पीएनजी असं जे शेवटी लागतं ते नव्हतं. गाडीतलं जुनं सॉफ्टवेअर त्या फायलींपुढे गडबडलं आणि कोसळलं. मग उठलं, परत कोसळलं, परत उठलं.

यातली खरी गंमत पुढे आहे. स्टेशननं तशा फायली पाठवणं थांबवल्यावरही त्या गाड्या बऱ्या झाल्या नाहीत. म्हणजे बिघाड आता हवेतून येत नव्हता, तो गाडीच्या आत मुक्कामाला आला होता. गाडीतला कनेक्टिव्हिटीचा अख्खा डबाच बदलावा लागत होता. त्याची किंमत सुमारे १५०० डॉलर, आणि तेव्हा सुट्या भागांचा तुटवडाही होता. नंतर माझदानं हे काम फुकट करून द्यायचं मान्य केलं. पण विचार करा, कोणी हॅकिंग केलं नाही, अपघात झाला नाही, एक लोगो नीट पाठवला गेला नाही एवढंच. आणि मागचा कॅमेरा गेला.

ही बातमी जगभर 'विनोदी बातमी' म्हणून फिरली. मला ती गेल्या काही वर्षांतली गाड्यांबद्दलची फार महत्त्वाची बातमी वाटते. कारण तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आता प्रत्येक नव्या गाडीत आहे: मागे गुपचूप चालणारी एक साधी मीडिया सर्व्हिस मेली, तर तिला परत उठवायचं कोणी, किती वेळा, आणि थांबायचं कधी?

आधी 'सर्व्हिस' म्हणजे काय ते बघू

तुम्ही फोनवर गाणं लावता आणि ॲप बाजूला सारून व्हॉट्सॲप उघडता. गाणं चालूच राहतं. कारण गाण्याचं ॲप दोन तुकड्यांत असतं. एक तुकडा डोळ्यांना दिसतो, म्हणजे बटणं, चित्र, यादी. दुसरा दिसत नाही, तो मागे बसून फक्त गाणं वाजवतो. त्याला म्हणतात सर्व्हिस. हॉटेलसारखंच आहे. वेटर समोर दिसतो, पण स्वयंपाकघर मागे. वेटर बदलला तरी डोसा येत राहतो. स्वयंपाकघर बंद पडलं तर मात्र वेटर कितीही हसतमुख असला तरी ताट रिकामंच.

गाडीच्या स्क्रीनवर तुम्ही जे बघता तो वेटर. म्हणून कधी कधी असं होतं की स्क्रीनवर गाण्याचं नाव दिसतंय, चित्र दिसतंय, प्लेचं बटणही दाबलं जातंय, आणि आवाज मात्र शून्य. लोक म्हणतात स्पीकर गेला. स्पीकर ठणठणीत असतो, मागची सर्व्हिस गेलेली असते.

ती मरते का? बऱ्याचदा तिला मुद्दामच मारलेलं असतं. अँड्रॉइडमध्ये मेमरी कमी पडली की सिस्टिम ठरवते की आत्ता कोणाचं काम सगळ्यात कमी गरजेचं आहे, आणि त्याला काढून टाकते. गाणं वाजत असताना सर्व्हिस 'पुढच्या रांगेत' असते. वर जे नोटिफिकेशन दिसतं ना, ते नुसतं सोयीसाठी नसतं, ती सर्व्हिसची पुढच्या रांगेची पावती असते. तुम्ही पॉज केलं, चहाला उतरलात, की ती पावती सुटू शकते आणि सर्व्हिस मागच्या रांगेत जाते. तिथून बळी जाणं सोपं.

२०१७ साली अँड्रॉइड ८ आलं आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिसवर पहिल्यांदा जोरदार बंधनं आली. बॅटरी वाचवायची होती, आणि हेतू चांगलाच होता. २०२१ च्या अँड्रॉइड १२ नं ती आणखी आवळली. ॲप मागे असताना त्याला स्वतःहून अशी पुढच्या रांगेतली सर्व्हिस सुरू करायला, काही सवलती सोडल्या तर, बंदीच झाली. हेडफोनचं किंवा स्टीअरिंगचं प्ले बटण दाबणं ही त्यातली एक सवलत. म्हणून तुमच्याही हे लक्षात आलं असेल की काही वेळा गाणं आपोआप सुरू होत नाही, पण स्टीअरिंगवरचं बटण दाबलं की लगेच होतं. यात जादू काही नाही, नियम तसाच आहे.

उठते, पण काय करत होती ते आठवत नाही

मेलेल्या सर्व्हिसला उठवायची सोय अँड्रॉइडमध्ये सुरुवातीपासून आहे. ॲप बनवणारा सिस्टिमला सांगून ठेवू शकतो की बाबा, मला मारलंस तर जागा झाल्यावर परत उभी कर. याला 'स्टिकी' सर्व्हिस म्हणतात. मेमरी मोकळी झाली की सिस्टिम तिला उठवते.

पण उठवताना तिच्या हातात कोरा कागद देते. कुठलं गाणं चालू होतं, किती मिनिटांवर होतं, कुठल्या यादीतलं होतं, यातलं काहीच सिस्टिम लक्षात ठेवत नाही. ते ॲपनं स्वतः कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. चांगली ॲप लिहून ठेवतात. आळशी ॲप ठेवत नाहीत. मग सर्व्हिस जिवंत असते पण गोंधळलेली असते, झोपेतून अर्धवट उठलेल्या माणसासारखी. स्क्रीनवर जुनं गाणं दिसतं आणि प्ले दाबल्यावर काही होत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणजे 'रीस्टार्ट' म्हटलं की आपल्याला एक गोष्ट वाटते, पण त्यात दोन गोष्टी असतात. प्रोसेस परत उभी करणं सोपं. तिला तिच्या जागेवर परत नेऊन बसवणं अवघड. आणि माझदाच्या प्रकरणात दिसलं तसं, कधी कधी तिला तिच्या जुन्या जागेवर *न* बसवणं जास्त गरजेचं असतं. कारण ती त्याच जागेवर पडली होती!

माझदाच्या गाड्यांचा आणखी एक किस्सा आहे. '९९% इनव्हिजिबल' नावाचा लोकप्रिय इंग्रजी पॉडकास्ट फोनवरून लावला की काही माझदा गाड्यांची स्क्रीन कोसळायची. बाकी सगळे पॉडकास्ट व्यवस्थित. कारण नावातच होतं. टक्क्याचं चिन्ह आणि त्यामागची अक्षरं ही गाडीच्या सॉफ्टवेअरला नाव न वाटता हुकूम वाटायची. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना कळेल, सी भाषेत छपाईच्या सूचनेत टक्क्याला खास अर्थ असतो. पॉडकास्टचं नाव जसंच्या तसं तिथे कोंबलं की संपलं. आता अशा सर्व्हिसला तुम्ही शंभर वेळा उठवा. फोन जोडला, फोननं तेच नाव पाठवलं, ती शंभर वेळा पडणार.

किती वेळा उठवायचं?

गाडीच्या आतलं सॉफ्टवेअर बऱ्याचदा या दोन घराण्यांपैकी एकातलं असतं, लिनक्स किंवा अँड्रॉइड. (अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, पण वरचा कारभार वेगळा.) दोन्हीकडे सर्व्हिस मेली की उठवणारा एक मुकादम असतो.

लिनक्सच्या बऱ्याच गाड्यांत हा मुकादम म्हणजे सिस्टिमडी. त्याला सांगता येतं, ही सर्व्हिस बिघडून बंद पडली तर लगेच उठव. 'लगेच' म्हणजे, वेगळं काही सांगितलं नसेल तर, सेकंदाच्या दहाव्या भागात. पण त्याच्याकडे एक समजूतदार मर्यादाही आहे. १० सेकंदांत ५ वेळा उठवूनही पडली तर तो नाद सोडतो. सर्व्हिसवर 'फेल' असा शिक्का बसतो आणि कोणीतरी मुद्दाम सांगेपर्यंत किंवा अख्खी यंत्रणा नव्यानं सुरू होईपर्यंत तो तिला हात लावत नाही.

आता एक प्रश्न सुटला बघा. गाडी बंद करून चालू केली तरी गाणं का येत नाही, आणि गाडी लॉक करून अर्ध्या तासानं आलात की कसं येतं? कारण किल्ली फिरवली की स्क्रीन विझते, पण आतला संगणक बहुतेक वेळा पूर्ण बंद होत नाही. फोन लॉक केल्यावर जसा झोपतो तसा तो झोपतो, म्हणजे परत चालू होताना वेळ जात नाही. झोपून उठलं तरी 'फेल'चा शिक्का तसाच राहतो. तो पुसायला खराखुरा रीबूट लागतो. म्हणून गाडीच्या स्क्रीनचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची युक्ती अनेक गाड्यांत चालते. टेस्लामध्ये स्टीअरिंगवरची दोन छोटी चाकं एकत्र दाबून धरतात.

अँड्रॉइडचा मुकादम जास्त कडक आहे. गाण्याचं ॲप वारंवार पडलं तर तो दर वेळी उठवण्याआधी जास्त थांबतो. पण सिस्टिमच्या अगदी जीवनावश्यक सर्व्हिसचा नियम वेगळा. तिला 'क्रिटिकल' असं लिहून ठेवलेलं असेल आणि ती चार मिनिटांत चारपेक्षा जास्त वेळा पडली, तर तो अख्खं यंत्रच रीबूट करतो. फोनच्या बाबतीत हे ठीक आहे. गाडी घाटात असेल तर?

इथे माझं मत स्पष्ट आहे. मीडियाच्या कुठल्याही सर्व्हिसला 'क्रिटिकल' दर्जा देऊ नये. गाणं मेलं तर एकट्यानं मरू द्यावं. त्याच्यासोबत घड्याळ, नकाशा आणि कॅमेरा सती जायचं काही कारण नाही. सिएटलमध्ये नेमकं तेच झालं.

रेडिओचा कॅमेऱ्याशी काय संबंध?

कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात भरपूर, कारण दोघं एकाच डब्यात राहतात.

अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे असाही नियम आहे. गूगलनं गाड्यांसाठी जी अँड्रॉइड बनवली त्यात म्हणूनच कॅमेऱ्याचा भाग बाकी अँड्रॉइडपासून वेगळा काढलाय. पूर्ण अँड्रॉइड उभी राहायची वाट न बघता तो आधीच कामाला लागू शकतो. हा विचार चांगला आहे. पण सगळ्या कंपन्यांची, सगळ्या वयाच्या गाड्यांची रचना अशी नाही.

मे २०२५ मध्ये फोर्डनं अमेरिकेतल्या १० लाखांहून जास्त गाड्या परत मागवल्या. कारण सॉफ्टवेअरची चूक. रिव्हर्स टाकल्यावर मागचं चित्र उशिरा यायचं, गोठायचं किंवा यायचंच नाही. दोष होता तो ज्या भागात, तो भाग गाणी आणि फोनही सांभाळतो. चित्र *गोठणं* हे न येण्यापेक्षाही वाईट, हे मी मुद्दाम सांगतो. काळी स्क्रीन दिसली तर माणूस मान वळवून मागे बघतो. गोठलेल्या चित्रात मागे कोणी नाही असं दिसतं आणि तो गाडी मागे घेतो.

आपल्याकडे भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. त्याच नियमांत वेगाची सूचनाही आली, ८० च्या पुढे गेलं की जी टिंग वाजते ती. सेन्सरची बीप आणि ही टिंग अनेक गाड्यांत वेगळ्या छोट्या बझरमधून येते, आणि माझ्या मते तेच बरं आहे. आवाज सगळे एकाच संगणकातून काढायचे, गाण्याच्याच स्पीकरमधून, ही आता नवी पद्धत आहे. दिसायला झकास. पण मग आवाजाची सर्व्हिस उठेपर्यंतच्या त्या पाच सेकंदांत बीप कोण करणार, हा प्रश्न शोरूममध्ये कोणी विचारत नाही.

टेस्लाचा धडा: रीस्टार्ट फुकट नसतो

आता फोनवाल्यांना जवळची वाटेल अशी गोष्ट. जुना फोन दोन-तीन वर्षांत हळू होतो, त्याचं एक कारण आतली फ्लॅश मेमरी. तिच्यावर ठराविक वेळाच लिहिता-पुसता येतं, मग ती झिजते.

टेस्लाच्या २०१८ पर्यंतच्या अनेक मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांमध्ये स्क्रीनमागच्या संगणकात ८ जीबीची अशी चिप होती. हो, ८ जीबी, आणि गाडी कोटीच्या घरातली. ही चिप झिजून संपली की स्क्रीन गेली. स्क्रीनसोबत मागचा कॅमेरा, काच धुक्यानं भरली की ती साफ करायची सोय, आणि इंडिकेटरच्या टिकटिकीसारखे सूचनेचे आवाजही जाऊ शकत होते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेनं टेस्लाला सुमारे १ लाख ५८ हजार गाड्या परत मागवायला सांगितलं. फेब्रुवारीत कंपनीनं सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांसाठी होकार दिला आणि ६४ जीबीची चिप बसवून द्यायला सुरुवात केली. पण हा दोष आहे हे मात्र टेस्लाला मान्य नव्हतं. असा भाग गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावा ही अपेक्षाच व्यवहार्य नाही, असं तिचं म्हणणं.

याचा रीस्टार्टशी संबंध असा की प्रत्येक वेळी सर्व्हिस पडते तेव्हा सिस्टिम कुठेतरी नोंद लिहिते: कधी पडली, का पडली, तेव्हा मेमरीत काय होतं. उठताना परत नोंद. दिवसातून दोनदा झालं तर काही नाही. पण पडायचं-उठायचं चक्र सेकंदासेकंदाला फिरत राहिलं, तर ज्या चिपला दहा-पंधरा वर्षं काढायची आहेत ती नोंदी लिहूनच म्हातारी होते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते. १५ वर्षांपूर्वीचा फोन तुमच्यापैकी कोण वापरतंय?

गूगलनं यातून बोध घेतलेला दिसतो. गाड्यांच्या अँड्रॉइडमध्ये 'कार वॉचडॉग' नावाचा राखणदार आहे. तो दोन कामं करतो. एक, महत्त्वाच्या सर्व्हिसना दर काही सेकंदांनी हाक मारतो, 'आहेस का?'. ठरलेल्या वेळात ओ आली नाही तर तो तिला संपवतो, म्हणजे मुकादम तिला नव्यानं उभी करू शकेल. अर्धमेल्या सर्व्हिसचा हाच इलाज, कारण पूर्ण मेलेली लगेच कळते, लटकलेली कळत नाही. दुसरं काम म्हणजे कुठलं ॲप फ्लॅशवर किती लिहितंय याचा हिशेब ठेवणं. प्रमाणाबाहेर लिहिणाऱ्या बिनमहत्त्वाच्या ॲपला तो मारतो, आणि परत परत तेच केलं तर ते ॲप बंदच करून टाकतो. फोनच्या अँड्रॉइडला हा राखणदार नाही. फोन तीन वर्षांनी बदलायचाच असतो, असं गृहीत धरलेलं.

मग हे आत्ताच का महत्त्वाचं?

कारण गाणं फोनमधून निघून गाडीत राहायला चाललंय.

नावांचा घोळ आधी निस्तरू. अँड्रॉइड ऑटो म्हणजे तुमच्या फोनवरच चालणारं ॲप, गाडीची स्क्रीन फक्त आरशासारखी. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह म्हणजे गाडीच्याच संगणकावर चालणारी पूर्ण सिस्टिम, फोन नसला तरी चालणारी. (ही नावं ज्यानं ठेवली त्याला एकदा भेटायचंय.) २०२० ची पोलस्टार २ ही गूगलच्या सेवांसह ती घेऊन येणारी पहिली गाडी.

मार्च २०२३ मध्ये जनरल मोटर्सनं जाहीर केलं की तिच्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही नसणार, सगळं गाडीतच असेल. या धोरणाची पहिली गाडी शेव्हर्ले ब्लेझर ईव्ही. ती बाजारात आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला तिची विक्रीच थांबवावी लागली, कारण सॉफ्टवेअरच्या तक्रारी. चाचणीसाठी गाडी घेतलेल्या पत्रकारांच्या स्क्रीनही भर प्रवासात दगा देत होत्या. मार्च २०२४ मध्ये नवं सॉफ्टवेअर आणि कमी किंमत घेऊन विक्री परत सुरू झाली. कंपनी मात्र मागे हटली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीईओ मेरी बारा यांनी पुढे पेट्रोल गाड्यांतूनही फोनची ही सोय जाईल असं सांगितलं.

कंपन्यांची बाजू समजते. गाडीचा संगणक त्यांच्या ताब्यात राहतो, सबस्क्रिप्शन विकता येतं, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जिंगचा हिशेब नकाशाशी जोडता येतो. पण मग वर सांगितलेलं सगळं ओझंही त्यांच्याच डोक्यावर येतं. फोनवरचं गाणं पडलं तर तुम्ही ॲप बंद करून उघडता, अपडेट टाकता, ॲप बदलता, फारच झालं तर फोन बदलता. गाडीच्या आतली सर्व्हिस पडली तर तुमच्या हातात काय आहे? काही गाड्यांत सेटिंगमध्ये ॲप 'फोर्स स्टॉप' करायची सोय मिळते. बाकी ठिकाणी उत्तर एकच, सर्व्हिस सेंटरला घेऊन या.

साधं उदाहरण. गाडी सुरू झाली की शेवटचं गाणं आपोआप लागावं की नाही? गाड्यांच्या अँड्रॉइडमध्ये ही सेटिंग आहे: कधीच नाही, नेहमी, किंवा आधी वाजत असेल तरच. पण ती तुमच्यासाठी नाही, ती गाडी बनवणाऱ्यासाठी आहे. एखादं ॲप सुरू होतानाच कोसळत असेल आणि कंपनीनं 'नेहमी' ठरवलं असेल, तर दर वेळी किल्ली फिरवल्यावर तोच खेळ. सिएटलची छोटी आवृत्ती, रोज सकाळी.

तोवर तुमच्या फोनचं

आपल्याकडे आज बहुतेक जण गाडीत फोनच जोडतात, त्यामुळे मरणारी सर्व्हिस तुमच्या खिशातली असते. तिथे दोष बऱ्याचदा गाडीचा नसून फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या हव्यासाचा असतो. गाण्याचं ॲप आणि अँड्रॉइड ऑटो, दोघांच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. शाओमीसारख्या काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी परवानगी असते, तीही द्या. नुसती पहिली देऊन उपयोग होत नाही.

रिसेंट्समधून सगळी ॲप झटकून टाकायची सवय असेल तर निदान गाडीत बसायच्या आधी तसं करू नका. काही फोनमध्ये झटकणं म्हणजे जवळपास 'फोर्स स्टॉप'च असतं, आणि फोर्स स्टॉप झालेलं ॲप तुम्ही हातानं उघडेपर्यंत सिस्टिमच्या सूचना ऐकत नाही. ब्लूटूथ जोडलं काय, स्टीअरिंगचं बटण दाबलं काय, त्याला पत्ताच नसतो.

गाणं अडलंच तर आधी स्टीअरिंगवरचं प्ले दाबा. नाही झालं तर गाडी बाजूला घ्या, फोनवर ॲप उघडून तिथून गाणं लावा, मग गाडीकडे वळा. फोनवर वाजतंय आणि गाडीत नाही, तर गाडीची स्क्रीन रीबूट करायची. आणि एकच विशिष्ट गाणं किंवा पॉडकास्ट लावल्यावर दर वेळी स्क्रीन मरत असेल तर ते लिहून ठेवा, शक्य असेल तर व्हिडिओ घ्या. 'कधी कधी बंद पडतं' या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरवाले 'सॉफ्टवेअर अपडेट करून दिलंय' म्हणतात. 'या नावाची फाईल लावली की पडतं' या तक्रारीचं उत्तर त्यांना वर विचारावं लागतं.

नवी गाडी बघायला जाल तेव्हा स्क्रीन किती इंचांची हे सेल्समन स्वतःच सांगेल. तुम्ही दोन गोष्टी विचारा. स्क्रीन रीबूट कशी करायची? आणि ती रीबूट होत असताना रिव्हर्स टाकला तर कॅमेरा दिसतो का? दुसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत, पार्किंगमध्ये उभं राहून, ब्रेकवर पाय ठेवून करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.